वाल्डेमार हाफकिन

मुंबईत परळ येथे असलेल्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते, ते हाफकिन परदेशीय होते. आणि ज्या लोकसेवेने ते कीर्तिमान झाले, तिच्याच पायी त्यांना घोर अपकीर्तीही सोसावी लागली.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस सिद्ध केली व १८९२ साली ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढील वर्षी ते भारतात आले. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान मांडले, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत अहोरात्र खपून त्यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी तिचाही पहिला प्रयोग त्यांनी स्वतःच्याच देहावर केला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांस ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले.

धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणात असतात. वर्धा जिल्ह्यातील कपाशीचे काळे रान असो की पंजाबातील गव्हाचे शेत, तेथे ते वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. जेथे हवा पोचत नाही अशा खोल जखमेत शिरले की ते वाढतात आणि एक जहाल विष निर्माण करतात. ते विष मज्जातंतूंच्या वाटेने मज्जारज्जूपर्यंत जाते. मग आखडलेले स्नायू सैल होत नाहीत. दातखिळी बसते आणि शरीर धनुष्यासारखे वाकते.

चौकशी समितीने सारा दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. परंतु जंतू मुंबईहूनच आले असते, तर वाटेतील दिवसांत ते वाढून लशीला दुर्गंधी सुटली असती. बाटली उघडताना तशी दुर्गंधी आली नव्हती. उलट, बूच काढण्याचा चिमटा मलकोवाल येथे जमिनीवर पडला होता व नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. १९०७ साली रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी हे सत्य जगापुढे मांडले आणि हाफकिन निर्दोष ठरले. ते पुन्हा भारतात येऊन कलकत्त्यास काम करू लागले.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

धनुर्वाताचे तेच विष पुढे शास्त्रज्ञांनी औषधी प्रक्रियेने निरुपद्रवी केले व त्यापासूनच त्या रोगाची लस बनविली. आज ती गर्भवती मातांना व बालकांना दिली जाते. मात्र मलकोवाल येथे चिमट्याला लागलेली धूळ चिमूटभरही नव्हती, हे जखम धुताना आपण विसरता कामा नये.