विश्लेषण : मुंबईत विजेची ट्राम आली आणि चुंबकसूची अलिबागला का गेली?

ठाणे, डोंबिवली, कल्याणहून रोज लाखो प्रवासी विजेच्या लोकलने मुंबई गाठतात. लोकलची मोटर फिरते ती वीज आणि चुंबक यांच्या नात्यामुळे. याच नात्याने सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईतील एका शास्त्रज्ञाला पेचात टाकले होते. शहरात विजेची ट्राम येणार होती आणि त्यामुळे कुलाबा वेधशाळेतील पन्नासहून अधिक वर्षांची चुंबकीय नोंद खंडित होण्याची भीती होती. ती वाचवणारे शास्त्रज्ञ म्हणजे नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस.

कोण होते नानाभाई मूस?

मूस यांचा जन्म १८५९ चा, पारशी कुटुंबातला. त्यांनी एडिनबर्गमध्ये विज्ञानाची पदवी घेतली आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. १८९६ मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. तोवर ही खुर्ची बहुतांशी इंग्रजांकडेच असे.

ही वेधशाळा १८२६ मधली. १८४० च्या दशकात तेथे चुंबकीय मोजमाप सुरू झाले. अलिबागजवळच्या नागावचे केरूनाना छत्रे तरुणपणी याच वेधशाळेत निरीक्षणाचे काम करत. १८४६ पासूनच्या नोंदी सलग होत्या आणि हेच कुलाब्याचे खरे धन होते.

तेथे मोजत काय होते?

पट्टीचुंबक दोऱ्याने मधोमध टांगला की तो उत्तर-दक्षिण दिशेत स्थिरावतो, हे शाळेतच शिकवतात. पृथ्वी स्वतः एका मोठ्या चुंबकासारखी वागते, म्हणून असे घडते. चुंबकाचे विजातीय ध्रुव एकमेकांना ओढतात. सूचीचे उत्तर टोक उत्तरेकडे ओढले जाते, याचा अर्थ पृथ्वीच्या उत्तर भागात चुंबकीय दक्षिण ध्रुव आहे.

पृथ्वीचे हे क्षेत्र फार दुर्बळ असते. मुंबई-ठाणे परिसरात ते सुमारे ४० हजार नॅनोटेस्ला भरते. फ्रिजच्या दारावर चिकटवायचा साधा चुंबकही जवळून त्याच्या शंभरपट प्रबळ असतो. शिवाय पृथ्वीचे क्षेत्र स्थिर नसते. ते दिवसभरात काही दहा नॅनोटेस्लांनी कमी-जास्त होते. सूर्यावर मोठी खळबळ झाली की काही दिवसांसाठी ते शेकडो नॅनोटेस्लांनी ढळते. याला चुंबकीय वादळ म्हणतात. इतका सूक्ष्म बदल टिपण्यासाठी बारीक धाग्याला चुंबक टांगत, त्याला छोटा आरसा जोडत आणि आरशावरून परतलेला प्रकाशकिरण फोटोच्या कागदावर उमटवत.

ट्रामची अडचण काय होती?

तारेतून वीज वाहिली की तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. हान्स ख्रिस्तियन ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये हे दाखवून दिले. विजेच्या ट्रामला वरच्या तारेतून वीज मिळते आणि ती रुळांतून परतते. परतताना काही वीज जमिनीत झिरपते. ट्राम सुटली, थांबली, चढाला लागली की हा प्रवाह बदलतो आणि भोवतालचे चुंबकीय क्षेत्रही बदलते. वेधशाळेच्या कागदावर मग सूर्याची खळबळ कोणती आणि ट्रामची कोणती, हे वेगळे करणेच अशक्य झाले असते.

अलिबागच का?

मूस यांनी ट्राम अडवली नाही, वेधशाळेसाठी दुसरी जागा निवडली. अलिबाग मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटरवर आहे. मध्ये खाडी आणि समुद्र असल्याने शहराच्या विजेचा त्रास तेथे पोहोचणार नव्हता आणि जागा कुलाब्याच्या जवळही होती. इमारतीत लोखंड टाळले. चुंबकीय गुण तपासून पोरबंदरी दगड निवडला.

खरी दूरदृष्टी पुढे दिसते. अलिबागचे काम १९०४ मध्ये सुरू झाले, पण कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप झाले. त्यातून दोन जागांमधला फरक नेमका कळला आणि जुनी नोंद नव्या नोंदीला जोडता आली. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा अलिबागची सूची शांतपणे काम करत होती.

ट्राम आली नसती, तरी कुलाब्याचे दिवस भरलेच होते. १९२५ मध्ये मुंबईत पहिली विजेची लोकल धावली आणि १९२९ पर्यंत कल्याणमार्गे पुण्याचा लोहमार्गही विजेवर आला. तोही ट्रामसारखाच दिष्ट म्हणजे डीसी विजेवर.

नोंदींतून काय हाती लागले?

१८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचे विश्लेषण करून मूस यांनी १९१० मध्ये दोन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. अनेक वादळांच्या नोंदी एकत्र मांडल्यावर त्यांना एक ठरावीक क्रम दिसला. क्षेत्राचा आडवा घटक आधी किंचित वाढतो, मग झपाट्याने घटतो आणि पुढे काही दिवसांत हळूहळू पूर्वपदावर येतो. चुंबकीय वादळाचे हे चित्र पुढच्या संशोधनाचा पाया ठरले.

मूस जन्मले त्याच वर्षी, सप्टेंबर १८५९ मध्ये, इतिहासातील सर्वांत तीव्र मानल्या जाणाऱ्या चुंबकीय वादळांपैकी एक येऊन गेले होते. कुलाब्यात क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद आहे. जगभरचे अभ्यासक आजही ती वापरतात.

आज त्याचा उपयोग काय?

मूस १९३६ मध्ये निवर्तले. अलिबागची वेधशाळा अजून सुरू आहे. नवीन पनवेल येथे मुख्यालय असलेले भारतीय भूचुंबकत्व संस्थान ती चालवते. मोठे चुंबकीय वादळ आले तर जीपीएस, उपग्रह आणि वीजवाहिन्यांना फटका बसू शकतो. असे वादळ किती तीव्र असू शकते, याचा अंदाज जुन्या सलग नोंदींवरूनच बांधता येतो.

विद्यार्थ्यांना मूस यांची अडचण घरीच अनुभवता येईल. मोबाइलमधील होकायंत्र उघडा आणि फोन लोखंडी कपाटाजवळ किंवा स्पीकरजवळ न्या. दाखवलेली दिशा लगेच चुकू लागते. दूर सरकलात की ती पुन्हा ताळ्यावर येते.