माळावरच्या लांडग्याचा पहिला नोंदकार : कर्नल साईक्स

लांडगा म्हटले की उत्तर ध्रुवाकडील बर्फ आणि दाट पांढऱ्या केसांचे ते देखणे जनावर आपल्या डोळ्यांपुढे येते. आपल्या वऱ्हाडातील माळरानांवरचा लांडगा मात्र अंगाने किरकोळ, विरळ केसांचा आणि मातकट रंगाचा. या लांडग्याची शास्त्रीय ओळख जगाला करून दिली ती एका इंग्रज सैनिकाने.

विल्यम हेन्री साईक्स यांचा जन्म १७९० साली यॉर्कशायर परगण्यात झाला. शिकण्याच्या वयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाले. १८१७ साली खडकीच्या लढाईत ते पेशव्यांविरुद्ध लढले. पुढे १८२४ मध्ये दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याचे काम मुंबई सरकारने त्यांच्यावर सोपविले. जमीन, पिके, माणसे यांची मोजदाद हा त्यांचा उद्योग. १८२९ साली सरकारने ते पद रद्द केले, तरी साईक्स यांनी हाती घेतलेले काम अर्धवट सोडले नाही.

या भटकंतीत त्यांनी पशुपक्षी आणि मासेही टिपले. १८३१ साली त्यांनी आपल्या लांडग्याला ‘कॅनिस पॅलिपेस’ म्हणजे फिकट पायांचा, असे नाव दिले. कोळसुंद्याच्या शास्त्रीय नावात तर त्यांनी ‘दख्खन’ हा शब्दच गोवला. विशेष म्हणजे प्राण्यांची मराठी नावेही त्यांनी नोंदविली. नंतर ते कंपनीचे अध्यक्ष झाले, पार्लमेंटात गेले आणि १८७२ साली लंडनमध्ये निवर्तले.

साईक्स जेत्यांच्या बाजूचे होते, आणि त्यांची मोजदाद परकीय सत्तेच्या कारभारासाठी होती, हे विसरून चालणार नाही. परंतु ज्या जनावराला आपण केवळ वैरी मानले, त्याकडे त्यांनी अभ्यासकाच्या नजरेने पाहिले, हेही तितकेच खरे. आज कायद्याने लांडग्याला संरक्षण आहे. पण ज्या मेंढपाळाचे कोकरू जाते, त्याला त्याचे कौतुक कसे वाटावे? मेंढपाळाचे नुकसान भरून निघेल आणि माळही शिल्लक राहील, तरच हा लांडगा वाचेल. साईक्स यांनी नोंद केली. राखण करणे आता आपल्या हाती आहे. आपल्यापैकी अनेकांची घरे याच माळांच्या कडेला आहेत. तेव्हा हा अभ्यास आपण नाही करायचा, तर कोणी करायचा?