आईची श्रद्धा आणि मुलाच्या कथा

परीक्षा संपल्या की मुले गोष्टीची पुस्तके मागतात. जादू, राक्षस, तलवारी, गुप्त खजिने असलेली पुस्तके त्यांना हवी असतात आणि आपण आईवडील विचारात पडतो. अशा पुस्तकांमुळे मुलांच्या श्रद्धेला धक्का तर लागणार नाही ना? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आज आपण एका कॅथलिक लेखकाच्या जीवनाकडे पाहू या. त्यांचे नाव जे. आर. आर. टोल्किन. ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या जगप्रसिद्ध कादंबऱ्या त्यांच्याच. २००१ ते २००३ या काळात आलेल्या चित्रपटांमुळे ही कथा आपल्याकडेही पोहोचली. पण ती लिहिणारा माणूस किती श्रद्धावंत होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

टोल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील बँकेत व्यवस्थापक होते. आई मेबल दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडला आली असतानाच, १८९६ साली वडील आफ्रिकेत वारले. तरुण विधवा आई आणि दोन लहान मुले, असा संसार बर्मिंगहॅमजवळ सुरू झाला.

१९०० साली मेबल यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. त्यांच्या प्रॉटेस्टंट नातेवाइकांना हे मुळीच रुचले नाही. मिळणारी आर्थिक मदत बंद झाली. हाती पैसा नाही, प्रकृती ढासळत चाललेली. तरीही त्या मागे फिरल्या नाहीत. मुलांना त्यांनी घरीच लॅटिन शिकवले आणि आपल्या श्रद्धेतच वाढवले. पुढे त्यांना मधुमेहाने गाठले. त्या काळी इन्सुलिनचा शोध लागलेला नव्हता. नोव्हेंबर १९०४ मध्ये, अवघ्या ३४ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. थोरला मुलगा तेव्हा १२ वर्षांचा होता. आपल्या आईने श्रद्धेसाठीच प्राण वेचले, असे तो आयुष्यभर मानत आला.

मृत्यूपूर्वी मेबल यांनी मुलांना फादर फ्रान्सिस मॉर्गन यांच्या स्वाधीन केले होते. संत जॉन हेन्री न्यूमन यांनी स्थापन केलेल्या बर्मिंगहॅम ऑरेटरीचे ते धर्मगुरू. त्यांनी या पोरक्या मुलांना बापाची माया दिली, स्वतःच्या उत्पन्नातून खर्चाला हातभार लावला. मुले सकाळी ऑरेटरीत फादरांच्या मिस्सेत वेदीसेवा करीत, तिथेच न्याहारी करीत आणि मग शाळेला जात.

तरुणपणी टोल्किन यांचे एडिथ ब्रॅट या मुलीवर प्रेम जडले. शिक्षणाकडे दुर्लक्ष होईल म्हणून फादरांनी २१ व्या वर्षापर्यंत तिच्याशी संबंध ठेवू नये, असे बजावले. टोल्किन यांनी ते मनाविरुद्ध, पण पाळले. १९१६ साली दोघांचा विवाह झाला आणि थोड्याच दिवसांत ते पहिल्या महायुद्धात सोमच्या रणभूमीवर गेले. त्या युद्धात त्यांचे जिवलग मित्र मारले गेले. ते स्वतः आजारी पडून परतले. मरण आणि मैत्री त्यांनी खंदकात जवळून पाहिली होती.

पुढे ते ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. त्यांना चार मुले. थोरले जॉन धर्मगुरू झाले. मुलांना गोष्टी सांगता सांगताच ‘द हॉबिट’ आकाराला आली. प्रकाशकाने हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिले. त्याला ते आवडले आणि १९३७ साली पुस्तक निघाले. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन भाग १९५४ आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. १९३१ साली मित्र सी. एस. लुईस यांच्याशी झालेल्या दीर्घ संभाषणात टोल्किन यांचा वाटा मोठा होता. त्यानंतर लुईस ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले. आपल्या मुलांना आवडणाऱ्या ‘नार्निया’च्या सात कथा याच लुईस यांच्या.

टोल्किन यांच्या कादंबरीत प्रभू येशूचे नाव नाही, चर्च नाही. मग तिच्यात ख्रिस्ती काय? तिच्यातील अंगठी अमर्याद सत्ता देते आणि धारण करणाऱ्याला आतून पोखरते. शहाणी माणसे ती नाकारतात. एक लहानसा जीव ती नष्ट करण्यासाठी आपल्या खांद्यावर ओझे घेतो. शेवटच्या क्षणी त्याचे बळ अपुरे पडते, तेव्हा पूर्वी एका दुष्टावर दाखवलेली दयाच कामी येते. अंगठी नष्ट होते तो दिवस २५ मार्च. पवित्र मारियेला देवदूताने संदेश दिला, तो सण आपण त्याच दिवशी साजरा करतो. ही कादंबरी मुळात कॅथलिक आहे, हे टोल्किन यांनी १९५३ साली येशूसंघातील एका मित्राला पत्रातून कळवले होते.

२ सप्टेंबर १९७३ रोजी टोल्किन देवाघरी गेले. त्यांच्या अंत्यविधीची मिस्सा त्यांच्या धर्मगुरू पुत्रानेच अर्पण केली.

यातून आपण पालकांनी काय घ्यावे? पुस्तकात जादू आहे की नाही, एवढेच पाहून ते हातात देऊ किंवा काढून घेऊ नये. त्यात सत्तेचे कौतुक आहे की त्यागाचे? वाईट हे वाईट म्हणून दाखवले आहे का? दुर्बलावर दया केली जाते का? हे आपण स्वतः वाचून पाहावे. ‘द हॉबिट’ नऊ-दहा वर्षांच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवता येईल. मोठी कादंबरी लांबलचक असून तिच्यात युद्धाची वर्णने आहेत, म्हणून ती आठवी-नववीनंतर द्यावी. ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने ती मराठीतही आली आहे.

मेबल यांनी आपल्या मुलाचे एकही पुस्तक पाहिले नाही. त्यांनी मुलाला लॅटिन शिकवले, मिस्सेला नेले आणि श्रद्धेची किंमत मोजताना कुरकुर केली नाही. चांगले पुस्तक आपण दुकानातून आणू शकतो. ते वाचण्याची दृष्टी मात्र मुलांना घरातूनच मिळते. ती देण्याची कृपा प्रभू आपल्या सर्व आईवडिलांना देवो.