व्यसनाचे तोटे सगळ्यांना माहिती असतात, तरी ते सुटत का नाही? गाडगेबाबांना उत्तर स्वतःच्या घरातच मिळालं होतं

नाशिकचं द्वारका सर्कल. मुंबई-आग्रा महामार्ग इथून जातो आणि पुण्याचा रस्ता इथूनच फुटतो. हाच रस्ता पुढे सिन्नरला जातो, एकेकाळी विड्यांच्या धंद्यासाठी ओळखलं जाणारं गाव. ट्रक, रिक्षा, बस आणि गाडीची वाट बघणारी माणसं, अशा गर्दीच्या कुठल्याही चौकात असते तशी पानटपरी इथेही असते. सिगरेटच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत कॅन्सरचं चित्र आणि इशारा छापलेला असतो. गिऱ्हाईक ते चित्र बघतं, पाकीट फोडतं आणि सिगरेट पेटवतं.

म्हणजे माहिती नाही असं नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पातळीवरच्या तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या ९२ टक्क्यांहून जास्त प्रौढांनी धूम्रपानामुळे गंभीर आजार होतात हे मान्य केलं होतं. तरीही २८.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. महाराष्ट्रात हा आकडा २६.६ टक्के होता. आपल्याकडे ओढणाऱ्यांपेक्षा मळून खाणारे कितीतरी जास्त, एवढाच फरक.

मग कळतं ते वळत का नाही?

जुन्या नाशकात गोदावरीवर ज्यांच्या नावाचा पूल आहे, त्या गाडगे महाराजांचं सगळं आयुष्य या प्रश्नाभोवती फिरलं. त्यांचा मुख्य रोख दारूवर होता. पण व्यसन माणसाला कसं धरून ठेवतं हे त्यांनी ज्या पद्धतीने ओळखलं, ते सिगरेटला आणि तंबाखूलाही तितकंच लागू पडतं.

बापाला सगळं कळत होतं

गाडगेबाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथला. घर परीट समाजातलं. त्या काळी समाजात लग्न असो, बारसं असो की देवाचा नवस, पंगतीला दारू आणि मटण हवंच. जो पाजणार नाही त्याला जातीत मान नाही.

डेबूजींचे वडील झिंगराजी याच पंगतींतून दारूच्या नादी लागले. आधी कार्याला, मग रोज. त्यात घरची शेती गेली आणि तब्येतही गेली. डेबूजी जेमतेम आठ वर्षांचे असताना वडील वारले. चरित्रकार सांगतात की शेवटच्या दिवसांत झिंगराजींना आपण काय करून बसलो याची पुरती जाणीव झाली होती आणि पोराला या नादापासून लांब ठेव असं त्यांनी बायकोला बजावलं होतं.

दारू आपल्याला मारते आहे हे झिंगराजींना कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती. पण नुसत्या कळण्याने ती सुटली नाही. शरीराला सवय लागलेली होती आणि भोवतालचा प्रत्येक माणूस पेला पुढे करत होता.

आज विज्ञान हेच वेगळ्या शब्दांत सांगतं. सिगरेटच्या झुरक्यातलं निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं आणि क्षणभर बरं वाटतं. ते उतरलं की चिडचिड, बेचैनी सुरू होते, कामात लक्ष लागत नाही. पुढची सिगरेट मजेसाठी कमी आणि ही बेचैनी घालवण्यासाठी जास्त ओढली जाते. कॅन्सर वीस वर्षांनी होणार असतो, बेचैनी मात्र आत्ता असते. त्यात चहानंतरची, जेवणानंतरची, दोस्ताबरोबरची अशी प्रत्येक सिगरेटची वेळ आणि सोबत ठरून गेलेली असते.

बारशाची पंगत

वडील गेल्यावर आई सखूबाई डेबूजींना घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. डेबूजी मामाची गुरं राखायचे, पुढे नांगर धरायला लागले. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. १८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं आणि काही वर्षांनी मुलगी झाली.

बारसं ठरलं. पाहुणे दारू-मटणाच्या आशेने आले आणि डेबूजींनी पानात गोडधोड वाढलं. भाऊबंद रागावले, जातीची रीत मोडली म्हणून बोल लावले. डेबूजी बधले नाहीत.

त्यांच्या चरित्रातला हा प्रसंग छोटा वाटतो, पण महत्त्वाचा आहे. त्यांनी पंगत मोडली नाही, पाहुण्यांना उपाशी पाठवलं नाही आणि दारू वाईट म्हणून भाषणही ठोकलं नाही. पंगत तशीच ठेवली, फक्त पानातला पदार्थ बदलला. ज्या रिवाजाने वडिलांना दारू लावली, तो रिवाजच त्यांनी आपल्या घरापुरता बदलून टाकला.

झाडू आधी, कीर्तन नंतर

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, एका हातात झाडू आणि दुसऱ्या हातात मातीचं फुटकं गाडगं. त्याच गाडग्यात जेवायचं, त्यातच पाणी प्यायचं. त्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

गावात शिरले की ते आधी रस्ते झाडायला घ्यायचे. हा माणूस आपलीच घाण साफ करतोय हे बघून चार लोक लाजून का होईना झाडू हातात घ्यायचे. दिवसभर एकत्र घाम गाळलेली माणसंच मग रात्री कीर्तनाला बसायची.

कीर्तनात ते अस्सल वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे. दारू, सावकाराचं कर्ज, नवसाला बकरं कापणं, शिवाशिव, पोरांना शाळेत न घालणं, सगळ्यावर प्रश्नच प्रश्न. उत्तर समोरच्या गर्दीतून यायचं. कुणी पैसा कुठे गेला हे सांगायचं, कुणी कर्ज कशामुळे झालं हे कबूल करायचं. दोष देणारा बाहेरचा माणूस नसायचा, निष्कर्ष ऐकणारा स्वतःच काढायचा.

१९८३ मध्ये विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने व्यसनी माणसाशी बोलण्याची एक पद्धत मांडली. उपदेश करू नका, प्रश्न विचारा आणि बदलाची कारणं त्याच्याच तोंडून येऊ द्या, हे तिचं सार. व्यसनमुक्तीच्या समुपदेशनात आज ही पद्धत जगभर वापरली जाते. अक्षरओळख नसलेला वऱ्हाडातला कीर्तनकार हे तंत्र त्याच्या कितीतरी आधी गावोगाव वापरत होता.

वास्तू उभ्या केल्या, स्वतःसाठी काही नाही

लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. शाळा, वसतिगृहं, नद्यांवरचे घाट, गोरक्षण संस्था उभ्या राहिल्या. यातल्या एकाही वास्तूवर त्यांनी स्वतःचा किंवा घरच्यांचा हक्क ठेवला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली.

१९२३ मध्ये एकुलता मुलगा गोविंद वारल्याची बातमी आली तेव्हा ते कोकणात खारेपाटणला कीर्तनात उभे होते. कीर्तन त्यांनी पूर्ण केलं. असा माणूस सोडा म्हणतो तेव्हा लोक निदान थांबून ऐकतात, कारण त्याने स्वतः काय काय सोडलंय हे समोर दिसत असतं.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे जाताना वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात त्यांनी देह ठेवला.

त्यांच्यानंतर

गाडगेबाबांमुळे महाराष्ट्रातून व्यसन संपलं का? नाही. दारू राहिली. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली तरी तो चोरून विकला जातोच. एका माणसाच्या कीर्तनाने हे संपणारं नव्हतंच.

पण त्यांच्या आयुष्यातून एक गोष्ट कळते. व्यसनी माणूस अडाणी नसतो आणि त्याला पुन्हा पुन्हा तोटे ऐकवून फारसं हाती लागत नाही. त्याची पंगत बदलावी लागते. चहानंतर टपरीवर जाणाऱ्या मित्राला दुसरीकडे फिरायला न्यावं लागतं, सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस तो चिडला तरी सांभाळून घ्यावं लागतं, एकदा घसरला तर टोमणा न मारता परत सोबत उभं राहावं लागतं. ज्याला सोडायचंय त्याच्यासाठी सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइनही आहे. तिथेही समुपदेशक हेच करतात, सोबत राहतात.

मुंबईत दादरला आज गाडगे महाराजांच्या नावाची एक धर्मशाळा आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचारासाठी गावाकडून येणारे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे अगदी कमी खर्चात राहतात. देशात तोंडाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण तंबाखू आहे. पण तिथे खोली देताना हा आजार कशामुळे झाला म्हणून कुणाला दारातून परत पाठवलं जात नाही.