जोतीरावांचा पाण्याचा हिशेब

महात्मा जोतीराव फुले (१८२७-१८९०) स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. १८६८ साली त्यांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पुढे ते पुणे नगरपालिकेचे सभासद झाले. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी सरकारला बजावले, की ताली-बंधारे असे बांधा, की पावसाचे पाणी शेतात मुरूनच नदीनाल्याला मिळेल. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विहीर खोदायला परवानगी सक्तीची करणारा महाराष्ट्राचा कायदा आला १९९३ साली, म्हणजे एकशेदहा वर्षांनी! आज ओढे बुजवून इमारती उठतात आणि झळ बसते वस्तीच्या विहिरीला. बांधकामाचा परवाना देताना मुरणाऱ्या पाण्याचा हिशेब कोण मागतो? जोतीरावांना अभिवादन करणाऱ्या आम्ही सर्वांनी तो मागितलाच पाहिजे.