विश्लेषण : नट-बोल्टच्या आट्यांपासून रायफलच्या नेमापर्यंत... कोण होते जोसेफ व्हिटवर्थ?

गडमुडशिंगीजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कोणत्याही टर्नरला ‘बीएसडब्ल्यू’ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. ५५ अंशांच्या कोनाचे हे इंची आटे. त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे व्हिटवर्थ. रायफलची गोळी नेमकी जागा का चुकवते, याचा मोजमाप करून शोध घेणाराही हाच माणूस.

पोरका मुलगा, लंडनचा कारागीर

व्हिटवर्थ यांचा जन्म २१ डिसेंबर १८०३ चा, इंग्लंडमधील स्टॉकपोर्टचा. लहानपणीच आई गेली, वडिलांनी मुलांना दुसऱ्यांकडे सोपवले. चौदाव्या वर्षी ते काकांच्या सूतगिरणीत लागले. पण त्यांचे मन सुतात नव्हते, यंत्रात होते. ते तिथून पळाले, मँचेस्टरला मेकॅनिक झाले आणि १८२५ मध्ये लंडनला हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात दाखल झाले. १८३३ मध्ये मँचेस्टरला परतून स्वतःचे दुकान थाटले.

त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. व्हिटवर्थ यांनी ठिकठिकाणचे बोल्ट गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये सर्वांसाठी एकच पद्धत सुचवली. इंचाचा दहा लाखावा भाग मोजणारे यंत्रही त्यांनी बनवले. इतक्या सूक्ष्म मापाचे करायचे काय, असा प्रश्न तेव्हाच्या लोकांना पडला असणार.

बंदुकीशी संबंध कसा आला?

क्रिमियन युद्धाच्या वेळी, १८५४ मध्ये, ब्रिटिश सरकारला एन्फिल्ड रायफली यंत्रावर बनवायच्या होत्या. त्यासाठी व्हिटवर्थ यांना विचारणा झाली. त्यांचे म्हणणे पडले की, चांगली रायफल कशामुळे चांगली होते हे कळल्याशिवाय यंत्रे बनवून उपयोग नाही. हा हट्ट सरकारने मान्य केला, हेच विशेष. मँचेस्टरमध्ये त्यांच्या घराजवळ सरकारी खर्चाने ५०० यार्ड लांबीची बंदिस्त शाळा उभी राहिली. वादळाने ती पाडली, पुन्हा बांधली. आत ठरावीक अंतरावर पातळ कागदाचे पडदे टांगलेले. गोळी प्रत्येक पडद्याला भोक पाडत जाई आणि ती वाटेत कुठे वळली, कुठे डगमगली, हे कागदावर उमटे.

अट एकच होती. गोळीचे वजन (५३० ग्रेन, म्हणजे साधारण तीन तोळे) आणि दारूचे माप (७० ग्रेन) एन्फिल्डइतकेच ठेवायचे. व्हिटवर्थ यांनी नळीचे भोक ०.५७७ इंचावरून ०.४५१ इंचावर आणले. वजन तेच, व्यास कमी. म्हणजे गोळी लांबट झाली. लांबट गोळी हवा चांगली कापते, पण तिला पुरेशी फिरकी नसेल तर ती हवेतच कोलमडते. एन्फिल्डच्या नळीतला पीळ ७८ इंचांत एक वेढा घेई. व्हिटवर्थ यांनी तो २० इंचांत एक केला. नळी षटकोनी, गोळीही षटकोनी.

एप्रिल १८५७ मध्ये हाइथ येथे चाचणी झाली. ५०० यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्या सरासरी २७ इंचांनी फाकल्या, व्हिटवर्थच्या अवघ्या साडेचार इंचांनी. पुढच्याच महिन्यात मेरठला भडका उडाला, आणि त्यामागे याच एन्फिल्डची चरबी लावलेली काडतुसे होती. ३१ जुलैला कोल्हापुरातील २७ व्या पलटणीनेही उठाव केला.

तरी लष्कराने ती का नाकारली?

बारीक नळीत दारूची काजळी लवकर साचते आणि रायफल महाग पडते, ही कारणे दिली गेली. दोन्ही खरी होती. चिखलात लढणाऱ्या सामान्य शिपायाच्या हाती इतके नाजूक हत्यार कितपत टिकले असते, ही शंका रास्तच म्हणावी लागेल. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचे उद्घाटन मात्र याच रायफलने झाले. यंत्रावर घट्ट बसवलेल्या रायफलची दोरी राणी व्हिक्टोरियाने ओढली आणि ४०० यार्डांवरची गोळी केंद्रापासून जेमतेम दीड इंचावर लागली.

अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या निवडक नेमबाजांनी ती वापरली. ९ मे १८६४ रोजी उत्तरेचे जनरल जॉन सेजविक लांबून आलेल्या गोळीने ठार झाले. ती व्हिटवर्थचीच होती, असे सहसा मानले जाते.

आजच्या नेमबाजाला याचे काय?

तेजस्विनी सावंत आणि स्वप्निल कुसाळे यांच्या ५० मीटर प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. परदेशात मोठ्या रायफलींचे काही हौशी नेमबाज काडतुसे स्वतः भरतात; दारू ग्रेनच्या काट्यावर तोलतात, गोळ्या वजनाने निवडून घेतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणे गुन्हा आहे. शिवाय ५० मीटरला लागणारे पॉइंट टू-टूचे काडतूस पुन्हा भरायचे नसतेच. त्यामुळे नेमबाज एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटमधली काडतुसे झाडून पाहतात आणि आपल्या नळीला मानवणारा लॉट निवडतात. सगळे तेच ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि फरक मोजायचा, ही मँचेस्टरच्या कागदी पडद्यांचीच रीत.

व्हिटवर्थ यांनी १८६८ मध्ये होतकरू यंत्रज्ञांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे त्यांचे निधन झाले. त्याआधीच लष्कराने ०.४५ इंची मार्टिनी-हेन्री स्वीकारली होती. त्यांच्या पश्चात दोन वर्षांतच भोक आणखी बारीक झाले आणि पीळ दहा इंचांत एक वेढा इतका घट्ट. त्या ०.३०३ इंची मापाच्या रायफली महाराष्ट्राच्या पोलिसांच्या खांद्यावर ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून एकविसाव्या शतकापर्यंत दिसत होत्या.