दगडावरची अक्षरे वाचणारे डॉक्टर

गेल्या दिवाळीत माळ्यावरची ट्रंक उतरविली, तेव्हा आजेसासऱ्यांच्या वेळचे मोडी कागद हाती आले. घरात एकालाही ते वाचता येईनात. अखेर एका वृद्ध गुरुजींनी वाचून दिले, आणि वाटणीत आजेसासूबाईंच्या नावेही जमीन होती, हे आम्हां सुनांना प्रथमच समजले. वाचणारे कोणी उरलेच नसते तर? तेव्हा मला डॉ. भाऊ दाजी लाड आठवले.

भाऊंचे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म गोव्यातील मांद्रे गावचा, शिक्षण मुंबईचे. घरची गरिबी, पण बुद्धी तल्लख. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येवर निबंध लिहून त्यांनी तरुणपणीच बक्षीस मिळविले. १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत ते डॉक्टर झाले. गरिबांना फुकट औषध देत. मुलींच्या शिक्षणासाठीही झटत.

त्यांचा दुसरा छंद प्राचीन लेखांचा. ब्राह्मी लिपीची किल्ली प्रिन्सेप साहेबांनी १८३७ साली शोधली होती; पण तेवढ्याने सारी कुलपे उघडली नाहीत. शतकागणिक अक्षरांचे वळण बदललेले, दगड झिजलेले, आणि नकला करणाऱ्यास भाषा न कळल्याने काना-वेलांट्या गळालेल्या! म्हणून भाऊ स्वतः अजिंठ्यास गेले, मूळ दगडावरून अक्षरे ताडून पाहिली. सोळाव्या लेण्यातील लेखातून वाकाटक राजांची वंशावळ उजेडात आली.

आकड्यांचे कोडे तर याहून अवघड. तेव्हा दहा, वीस, शंभर यांना निरनिराळ्या खुणा असत. एक खूण चुकली की राजाचा काळच बदले. नाशिकच्या लेण्यांत काही ठिकाणी संख्या शब्दांत लिहून पुढे खुणेतही दिली आहे. त्या आधारे विद्वानांनी खुणांचे मोल ठरविले. त्या कामात भाऊंचाही वाटा होता. जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना त्यांनी हाताशी घेतले. गावोगावचे लेख पंडितजी उतरवून आणीत. ३१ मे १८७४ रोजी भाऊ निवर्तले. भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय उभारण्यासाठी ते झटले होते. आज त्यास त्यांचेच नाव आहे.

आपल्या जिल्ह्यालाही या विद्येने मोठे देणे दिले. शिलाहार राजे ताम्रपटांत स्वतःस तगरपुराचे अधिपती म्हणवीत. ते तगर म्हणजे आपले तेर, हे फ्लीट साहेबांनी १९०१ साली दाखविले. अक्षरे वाचली गेली, म्हणून गावाला त्याचे जुने नाव परत मिळाले.

म्हणून एवढीच विनंती: ट्रंकेतले जुने कागद रद्दीत घालू नका. आधी कोणाकडून तरी वाचून घ्या. त्यांत कदाचित आपल्याच आजीचे नाव असेल.